डूमसाठी चाहत्यांनी बांधलेल्या लेव्हल्स, आणि एक माडी जी कुठेच बसत नाही

मी घरांचे नकाशे काढते. नागपूरला, धरमपेठेत एका आर्किटेक्टकडे १९९८ पासून आहे. आधी ट्रेसिंगवर रॉट्रिंग पेनने, मग ऑटोकॅडवर. त्यामुळे गेम खेळतानासुद्धा माझं लक्ष आधी राक्षसाकडे जात नाही, जिन्याकडे जातं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे मी जिला डोक्यावर घेतलंय ती लेव्हल तुम्हाला कदाचित साधी वाटेल, आणि जिच्यापायी सगळे वेडे झाले तिच्याबद्दल माझी कुरकुर आहे.

मे महिन्यात आमचं ऑफिस दुपारी एक ते चार बंद असतं. पारा ४५ च्या वर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. प्रतापनगरच्या घरी कूलरला नवी खस लावलेली, टाकी भरलेली, आणि मांडीवर भाच्याने टाकून दिलेला लॅपटॉप. त्यावर आजकालचे गेम उघडतही नाहीत. डूम मात्र पळतो, राक्षसांना गोळ्या घालत खोल्या पार करायचा तो जुना गेम.

पहिल्यांदा खेळले ते १९९७ साली, सीताबर्डीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात. डिप्लोमाला होते. क्लास सहा ते सात, सर साडेसहाला चहाला जायचे, आणि कोणीतरी दोन फ्लॉप्यांत आणलेला डूम तेवढा वेळ सगळ्या मशीनवर चालायचा. मुली आम्ही दोघीच. मैत्रीण दाराकडे लक्ष ठेवायची, बटणं मी दाबायची. फुकट वाटलेला पहिला भागच तेवढा होता, नऊ लेव्हल्सचा. पुढचं पैसे देऊन होतं, आणि गेमसाठी पैसे द्यायचे असतात हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

भाचा परवा डोकावला. "आत्या, काय करून राहिली तू? हे तर बाबांच्या जमान्यातलं आहे न?"

"तुझ्या बाबाला ती फ्लॉपी मीच दिली होती," म्हटलं. "बस इथे."

तर डूम आला १० डिसेंबर १९९३ ला. तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीने तेव्हा एक शहाणपण केलं. गेम चालवणारं इंजिन एकीकडे ठेवलं, आणि लेव्हल्स, चित्रं, आवाज असा सगळा माल एका वेगळ्या फाइलीत भरला. तिचं नाव वॅड, म्हणजे 'व्हेअर्स ऑल द डेटा'. मूळ गेमला हात न लावता आपली वॅड जोडली की आपलं घर उभं. १९९४ मध्येच लोकांनी लेव्हल बांधायचे एडिटर लिहिले. १९९६ च्या फायनल डूममधला एक अख्खा भाग तर चाहत्यांनी फुकट वाटायला केला होता, तो कंपनीनेच विकत घेतला. १९९७ च्या डिसेंबरात इंजिनाचा सोर्स कोडही खुला झाला. तेव्हापासून लोक बांधतच आहेत, आणि दर वर्षी १० डिसेंबरला त्यातल्या चांगल्या कामांना बक्षिसं देतात. बक्षिसाचं नाव काकोवॉर्ड, गेममधल्या काकोडेमन नावाच्या एकडोळ्या लाल गोळ्यावरून ठेवलेलं.

खेळायला काय लागतं? डूम २, म्हणजे डूमचा पुढचा गेम, विकत घ्या. मी सेलमध्ये घेतला तेव्हा सावजीच्या एका थाळीपेक्षा कमी पडला. जीझेडडूम नावाचं इंजिन फुकट मिळतं. वॅड फाइल माउसने ओढून त्याच्यावर सोडायची, संपलं. एक रुपयाही घालायचा नसेल तर फ्रीडूम आहे, बऱ्याच लेव्हल्स त्यावर चालतात, पण राक्षस वेगळे दिसतात आणि मला ते परके वाटतात.

आता माझ्या धंद्याचं बोलते. खेळताना टॅब दाबलं की लेव्हल वरून दिसते, नुसत्या रेषांत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं, हा तर आपलाच प्लॅन! आणि खरंच तो प्लॅनच आहे. मूळ डूमच्या इंजिनाला तिसरी मिती धड कळत नाही. प्रत्येक खोलीला फरशीची एक उंची, छताची एक उंची, बस्स. एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली बांधताच येत नाही. दार बिजागरीवर फिरत नाही, दुकानाच्या शटरसारखं वर सरकतं, कारण दार म्हणजे छत जमिनीला टेकवलेली एक चिंचोळी खोलीच असते. खेळणाऱ्याची उंची ५६ युनिट, डोळे ४१ वर, आणि पायरी २४ पेक्षा उंच असली तर पाय चढत नाही. फरशीच्या टाइल्स ६४ बाय ६४ च्या. त्या खोलीच्या कोपऱ्यापासून सुरू होत नाहीत, सगळ्या नकाशाखाली पसरलेल्या एका जाळीला बांधलेल्या असतात. खोली जाळीवर नीट बसवली नाही की भिंतीलगत टाइल्सचे तुकडे येतात, नवशिक्या मिस्त्रीने काम केल्यासारखे. लेव्हल करणारा किती पाण्यात आहे हे मी बाकी काही न बघता फरशीवरून सांगते. आजवर एकदाच चुकले.

सुरुवात करायची तर सायथ घ्या. एरिक आल्मची, २००३ ची, एकट्याने केलेल्या ३२ लेव्हल्स. पहिल्या काही तर इतक्या लहान की कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक आटोपते. शोभा नाही, पसारा नाही, चार खोल्या, एक चावी, बाहेर. त्या गोडीत माणूस पुढे जात राहतो आणि विशीनंतर कधी गळ्यापर्यंत बुडाला ते कळत नाही. सव्विसावी मी तीन उन्हाळे झाले अजून संपवतेय.

पण माझी लाडकी गोइंग डाउन. २०१४ ची, हीसुद्धा ३२ लेव्हल्सची आणि एकट्या माणसाची. विचित्र ॲनिमेशन करणारा इंग्लंडचा सिरियक, तो डूमवाल्यांत मोल्डी नावाने वावरतो. कल्पना दोन वाक्यांत मावते. कंपनीची उंच इमारत राक्षसांनी भरलीय, तुम्ही गच्चीवर उतरता आणि मजल्यामागून मजला साफ करत खाली जाता. इमारत संपते, खाली जाणं संपत नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गंमत जास्त कळेल. डूममध्ये मजल्यावर मजला चढवता येत नाही, मग या बाबाने काय केलं? प्रत्येक मजल्याची एकेक लेव्हल केली. टिपिकल फ्लोअर प्लॅन, एकाखाली एक रचलेले. इंजिनाला जे जमत नाही ते त्याने लेव्हल बदलण्याच्या क्षणात लपवलं. एकही खोली दुसरीच्या डोक्यावर नाही, तरी पंधराव्या लेव्हलपर्यंत आपल्या डोक्यावर चौदा मजल्यांचं ओझं आहे असं वाटायला लागतं. एवढी साधी युक्ती, आणि ती मला सुचली नसती.

मजले लहान आहेत, म्हणजे एकदा फिरलं की नकाशा डोक्यात बसतो. आणि बसला की तो मोडतो. तुम्ही एका भिंतीला पाठ लावून चार वेळा सुरक्षित उभे राहिलात, चावी उचलली, की तीच भिंत खाली बसते आणि मागे दहा जण दात काढून उभे. याला मी फसवणूक म्हणत नाही. फसवणूक म्हणजे जिथे तुम्ही गेलाच नाहीत तिथून मारणं. इथे तुम्हाला खोली आधी ओळखीची करून देतात आणि मग तीच तुमच्यावर उलटवतात, त्यामुळे राग लेव्हलवर येत नाही, स्वतःवर येतो. रेव्हनंट नावाचा सांगाडा आहे, त्याचं रॉकेट तुमच्या मागे मागे वळतं. मोठ्या मैदानात त्याला चुकवणं सोपं, दहा बाय दहाच्या केबिनमध्ये चुकवून बघा. आर्चव्हाइल मेलेल्यांना उठवतो, म्हणजे कॉरिडॉर साफ केला म्हणून निवांत बसायची सोय नाही. गर्दीवर इलाज एकच, दोन वेगळ्या जातींच्या राक्षसांच्या मधून धावायचं. एकाची गोळी दुसऱ्याला लागली की ते तुम्हाला विसरून एकमेकांच्या उरावर बसतात. हे भाच्याला दाखवलं तेव्हा कुठे त्याने स्वतःचा मोबाइल खाली ठेवला.

काही मजल्यांवर मात्र गर्दी हद्दीबाहेर आहे. दिवाळीच्या आधीची इतवारी बाजारपेठ आठवते, गोळी झाडायला हात उचलता येत नाही. ते दोनचार मजले मी सरळ सोपी पातळी लावून उतरले, लाज नाही. आणि तेविसावा मजला जवळपास साफ झालेला, एकच आर्चव्हाइल उरलेला, मी सेव्ह न करता पाणी प्यायला उठले आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी तर भाच्याकडे असतानाच मेलेली. कूलर थांबल्यावर घरात जी शांतता पसरते त्यात मी पाच मिनिटं काळ्या स्क्रीनसमोर बसून होते.

सिजिल मी अर्धवट सोडली, म्हणून तिच्यावर जास्त बोलायचा हक्क नाही. मूळ डूममधल्या कितीतरी लेव्हल्स ज्याच्या हातच्या त्या जॉन रोमेरोने २०१९ मध्ये नऊ लेव्हल्स फुकट दिल्या. माणूस चाहता नाही, तेव्हाच्या मालकांपैकी, पण दिल्या आहेत चाहत्यांच्याच रीतीने. तिला पहिला डूम लागतो, डूम २ चालत नाही. हात कसलेला आहे, भिंतीतल्या डोळ्याला गोळी मारली की वाट उघडते ती कल्पना झकास. पण अंधार! पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतंय आणि स्क्रीनवर मला राक्षसाऐवजी माझाच घामट चेहरा. खिडकीवर चादर टांगली, तर आत काय शिजतंय म्हणून शेजारच्या काकू विचारायला आल्या. डिसेंबरात रात्री खेळेन.

एन्शंट एलियन्स उलट्या टोकाची. २०१६ ची, स्किलसॉ नावाने काम करणाऱ्याची. जांभळं, नारिंगी, मोरपंखी असे रंग एकमेकांशेजारी ठेवायचं धाडस आर्किटेक्टकडे असलं तर क्लायंट पळून जाईल. इथे ते शोभतं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तिच्यातले बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, असेच बटबटीत आणि तरी नजर हटत नाही. काकोडेमन महाशयांना तर कागद चिकटवून नागपूरच्या महाल भागातून सरळ नेता येईल, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत. खेळायला जड आहे, बघायला मजा. तिच्या जागा मोठ्या, आकाश मोठं. मला पुन्हा पुन्हा टॅब दाबून प्लॅन बघावासा वाटला, म्हणजे माझ्या हिशेबात ती पास.

एव्हिटर्निटी खेळायचा मुहूर्त माझा चुकला की बरोबर लागला, ते तुम्ही ठरवा. डूमच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, १० डिसेंबर २०१८ ला आलेली, एका चमूने मिळून केलेली. पुन्हा ३२ लेव्हल्स. भिंती आणि फरश्यांची चित्रं ओटेक्स नावाच्या नव्या संचातली, आणि ती इतकी नीट घडवलेली की दगडाच्या सांध्यापाशी मी उगाच उभी राहायचे. तिच्यात एक अख्खा बर्फाचा भाग आहे. मी त्यात शिरले ती तारीख नवतपाच्या ऐन मध्यातली. बाहेर झळा, कूलरचं पाणी कोमट झालेलं, आणि स्क्रीनवर निळापांढरा बर्फ. दोन दिवस त्या भागातून हलले नाही, लेव्हल संपत आली की परत पहिल्या खोलीत जाऊन उभी राहायचे. गेमचं परीक्षण असं करत नाहीत, मान्य आहे. शेवटचा भाग पांढरा-सोनेरी, स्वर्गासारखा. तिथे राक्षसांची संख्या इतकी की माझ्या लॅपटॉपचा पंखा कूलरशी स्पर्धा करू लागला आणि चित्र अडखळायला लागलं. चांगलं मशीन असेल तर ही घ्या, नसेल तर पहिल्या तीन भागांवर समाधान माना, तेवढंही पुष्कळ आहे.

आता जिच्याबद्दल सगळे विचारतात ती. मायहाउस, २०२३ च्या मार्चमधली.

आधी थोडी पार्श्वभूमी. डूमची लेव्हल करायला शिकणारा नवशिका पहिल्यांदा काय बांधतो? स्वतःचं घर. १९९४ पासूनची ही रीत आहे, आणि अशा घरांना डूमवाले हसत आलेत, कारण खरं घर खेळायला फार कंटाळवाणं असतं. संडास-बाथरूममध्ये राक्षस मारण्यात काय मजा? मायहाउस याच थट्टेचा बुरखा घेऊन आली. वारलेल्या बालमित्राच्या जुन्या फ्लॉपीत त्याने केलेला त्याच्या घराचा नकाशा सापडला, तो झाडूनपुसून देतोय, अशी सोबत हकिगत.

मी उतरवून घेतली, खेळले. अमेरिकन पद्धतीचं साधं घर, गॅरेज, किचन, बेडरूम, थोडे राक्षस. दहा मिनिटांत संपलं. फरशीवरून माणूस ओळखते म्हणणारी मी, करणारा होतकरू आहे असं ठरवून मोकळी झाले. भाच्याला सांगितलं की लोक कशालाही डोक्यावर घेतात.

तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "आत्या, तू वॅड उघडून राहिली! त्याच्यासोबत पीके३ पण आहे न, ती उघडायची असते."

म्हणजे सोबत दोन फाइली असतात. वॅड हा नुसता दर्शनी भाग. पीके३ उघडली आणि मी पुन्हा त्याच घरात. तीच किचन, तेच गॅरेज. जिना चढून वर गेले आणि थबकले. मी ज्या खोलीतून आले तिच्या बरोब्बर डोक्यावर दुसरी खोली होती. बेडरूमच्या खाली हॉल! राक्षसाला घाबरून नाही, त्या मजल्याला घाबरून अंगावर काटा आला. तीस वर्षं डोक्यात बसलेला नियम, एकावर एक खोली येत नाही, आणि इथे कोणी आवाज न करता तो मोडून ठेवला होता. जीझेडडूमच्या युक्त्यांनी हे जमवता येतं हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी, टॅब दाबून प्लॅन बघणाऱ्या बाईला, घर खोटं बोलतंय असं वाटलं.

तिथून पुढे घर बिघडत जातं. बाहेर येऊन परत आत गेलं की घर तेच नसतं. मागे वाजणारं गाणं डूम २ च्या पहिल्याच लेव्हलचं, पाठ झालेलं. ते हळूहळू वाकडं व्हायला लागतं. पुढे कुठून कुठे पोहोचता ते सांगून तुमची मजा घालवत नाही.

माझी कुरकुर अशी. अर्ध्या वाटेनंतर ही लेव्हल खेळायची राहत नाही, कोडं होतं. कुठली वस्तू कुठे नेली की कुठलं दार कुठे उघडेल, हे स्वतःच्या डोक्याने शोधणारा विरळा. मी चौथ्या दिवशी हात टेकले आणि दुसऱ्यांचं बघून बघून शेवट गाठला. शेवट सुंदर आहे, पण तिथे मी माझ्या पायांनी गेले नाही. आणि एकदा सगळं कळल्यावर पुन्हा उघडावीशी वाटली नाही. गोइंग डाउनमध्ये मी पुन्हा गच्चीवर उभी आहे, तिसऱ्यांदा.

तरी मायहाउसने एक उद्योग मागे लावून दिला. महालात आमच्या आजोबांचा वाडा होता. २००९ मध्ये पाडला, त्या जागी फ्लॅट स्कीम झाली, आणि तिचा सॅन्क्शन प्लॅन आमच्याच ऑफिसातून, माझ्या हातून निघाला. अल्टिमेट डूम बिल्डर नावाचा एडिटर फुकट मिळतो. नवशिक्यांच्या रिवाजाप्रमाणे मी वाडा बांधायला घेतला.

ऑटोकॅडवर हात बसलेल्याला हे काम दोन दिवसांत जमतं. आमच्याकडे रेषांची आकृती कुठे उघडी राहिली तर हॅच, म्हणजे आतल्या रेषांचा भराव, भरत नाही. इथे खोली कुठे उघडी राहिली तर ती खोलीच होत नाही. भिंतीला चित्र लावायचं विसरलं तर तिथे आधीच्या दृश्यांचे ओघळ उमटत राहतात, आरशात आरसा धरल्यासारखे. ओसरी झाली, चौक झाला. आकाश म्हणजे छताला लावायचं एक चित्र, हे कळल्यावर चौकाचं छत काढून टाकायच्या ऐवजी मी त्याला आभाळ फासलं. माडी मात्र माजघराच्या डोक्यावर बसेना. जीझेडडूमची युक्ती वापरायची नाही असा माझा हट्ट, वाडा जुना तर नियमही जुनेच. मग माडी नकाशाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, मोकळ्या रानात बांधली. जिना संपतो तिथून माणूस अलगद उचलला जातो आणि तिथे उतरतो. टॅब दाबलं की चोरी पकडली जाते.

रविवारी भाच्याला खेळायला बसवलं. ओसरीतून चौकात, चौकातून माजघरात, सगळं ठीक. देवघरापाशी अडला. पुढे, मागे, तिरका, धावत येऊन, सगळं करून झालं.

"आत्या, आत जाताच येऊन नाही राहिलं. तो समोर चावी दिसते न, पण हा चढतच नाही."

मी मापं काढली. आमचं देवघर दगडी ओट्यावर होतं, जमिनीपासून अडीच फूट. साडेपाच फुटांच्या माणसाला ५६ युनिट धरले तर अडीच फुटांचे होतात २५. पाय चढतो २४ पर्यंत. मला आठवतंय, सहासात वर्षांची होईपर्यंत तो ओटा मलाही चढता यायचा नाही, आजोबा काखेत धरून वर ठेवायचे.

एक युनिट कमी करायला माउसची दोन बटणं लागतात. अजून केलं नाही. निळी चावी देवासमोर पडून आहे, लांबून दिसते.